नोंदणी रात्री आठला सुरू होईल

९ जून २०२४चा रविवार. आमच्या ढोल-ताशा पथकाची नव्या वादकांची नोंदणी रात्री आठला वेबसाइटवर सुरू होणार, असं आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला होतं. आठला सुरू झाली. आठ वाजून दोन मिनिटांनी पानावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढी एकच ओळ उरली आणि माझा फोन वाजायला लागला.

पथकात मी ढोल वाजवतो. नोकरी पुण्यातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण काम टेस्टिंगचं. सर्व्हर सांभाळणारी माणसं आमच्याकडे वेगळ्या मजल्यावर बसतात. पथकाला हा फरक मान्य नाही. कॉम्प्युटरवाला म्हणजे कॉम्प्युटरवाला. मूळ साइट ज्या दादाने पीएचपी या भाषेत लिहिली तो चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. जाताना पासवर्डांचा कागद माझ्या हातात कोंबला, तेव्हापासून ती माझ्या गळ्यात.

सर्व्हर म्हणजे महिना पाचएकशे रुपये भाड्याचं, एक जीबी रॅमचं मशीन. त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), पानं वाढणारं अपाचे, पीएचपी, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. लॉगिन करायला गेलो तर कर्सर नुसताच लुकलुकतोय. आत शिरायलाच दीड मिनिट गेलं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदवही) उघडला तर त्यात सरळ लिहिलेलं: मेमरी संपली, मायएसक्यूएलची प्रोसेस मारली. लिनक्सची ही रीतच आहे. रॅम पार संपली की सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेल्याचा बळी द्यायचा, आणि छोट्या सर्व्हरवर तो बळी बहुतेक वेळा डेटाबेसचाच असतो. मी मायएसक्यूएल पुन्हा सुरू केलं. चार मिनिटं चाललं, परत मेलं. तिसऱ्यांदा मेलं तेव्हा आमच्या ताईने (पथकाची सगळी कागदपत्रं तिच्याकडे असतात) मला न विचारता गूगल फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला. बरोबरच केलं.

गूगल फॉर्मवर भागतंय तर साइट हवीच कशाला, असं त्या रात्री तिघांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण आमच्याकडे अठराच्या खालची पोरं बरीच असतात. त्यांच्या पालकांची संमतीपत्रं, वयाचे दाखले, फोटो, रक्तगट असं सगळं घेतो. हे कोणाच्या तरी खासगी ड्राइव्हवर पडून राहायचं आणि तो माणूस दोन वर्षांनी पथक सोडून जायचा, हे नको होतं. शिवाय सरावाची हजेरी साइटवरच लागते.

रात्री दोनपर्यंत हिशोब करत बसलो. पहिल्या दोन मिनिटांच्या लॉगमधले, साइटवर आलेल्यांचे वेगवेगळे पत्ते मोजले तर शंभरही भरेनात. शंभर माणसांनी सर्व्हर झोपावा? मग अपाचेची मांडणी उघडून पाहिली, आणि उलगडा झाला.

आमच्याकडे होती तिला प्रीफोर्क म्हणतात. प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस. पंगतीत प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करायचा आणि ते पान उठेपर्यंत त्याने हलायचं नाही, असा प्रकार. ब्राउझर एका साइटकडे एका वेळी सहापर्यंत कनेक्शनं उघडतो, म्हणजे एकेक माणूस सहा-सहा पानं मांडून बसणार. जेवून झालं तरी वाढपी आणखी पाच सेकंद तिथेच, न जाणो काही मागितलं तर. त्यात आमचं पीएचपी अपाचेच्या पोटातच बसवलेलं, म्हणजे नुसता लोगो वाढायला आलेला वाढपीसुद्धा डोक्यावर अख्खं स्वयंपाकघर घेऊन उभा. एकेक प्रोसेस चाळीस एमबीच्या आसपास दिसत होती. उबुंटूवर अपाचेला अशा १५० प्रोसेसची मुभा आधीपासून दिलेली असते. चाळीस गुणिले दीडशे म्हणजे सहा हजार एमबी. प्रोसेस आपापसांत काही मेमरी वाटून घेतात हे धरलं, तरी आमच्याकडे होते जेमतेम हजार. पंचवीस-तीस माणसं एकदम आली की दीडशे वाढपी उभे राहायला वेळ लागत नाही. शंभर तर फार झाले.

इलाज एका ओळीचा. १५०चे १५ केले आणि अपाचे रीस्टार्ट केलं. जास्तीच्यांनी रांगेत थांबायचं. दुसऱ्या दिवशी अपाचेबरोबरच मिळणाऱ्या ‘एबी’ नावाच्या छोट्या साधनाने घरून भडिमार करून पाहिला. साइट रेंगाळली, पण मेली नाही.

खरं म्हणजे विषय इथे संपला होता. मी संपवला नाही, कारण मला खाज होती.

मंगळवारी सराव संपल्यावर नदीपात्रात चहाच्या टपरीवर आमची बैठक भरली. मी म्हटलं, अपाचे बदलू या. खजिनदार काकांचा चेहरा उजळला. ‘कोणाची आहे? मॉडेल कुठलं?’ मोटारसायकल नव्हे, वेबसर्व्हर, हे समजावण्यात एक कटिंग संपला. ब्राउझर पान मागतो, ते शोधून त्याच्या हातात देणारा जो प्रोग्रॅम सर्व्हरवर दिवसरात्र बसलेला असतो, तो वेबसर्व्हर. अपाचे १९९५चं. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या वेबसर्व्हरचं काम थंडावलं तेव्हा तो वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन त्याला ठिगळं लावली, त्यातून हे उभं राहिलं. ‘म्हणजे आपल्या पथकातल्या सगळ्या पोरांपेक्षा वयाने मोठं,’ काका म्हणाले. ‘मग चांगलं मुरलेलं असणार की. बदलता कशाला?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आकडे फेकले. एंजिनएक्स हे दुसरं नाव पुढे केलं. (nginx, पाच इंग्रजी अक्षरं, त्यात स्वर एकच. बारावीतला आमचा एक ताशेवाला पोरगा त्याला अजूनही नगिंक्स म्हणतो, आणि मला आता तेच बरं वाटतं.) इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रॅमरने ते २००२मध्ये लिहायला घेतलं, २००४मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. एकाच मशीनने एका वेळी दहा हजार कनेक्शनं कशी सांभाळायची, या प्रश्नावरचा तो तोडगा. तिथे पानामागे वाढपी नाही. दोन-चार वाढपी सगळ्या पंगतीतून फिरतात, ज्याला जे हवं ते वाढून पुढे सरकतात. स्वयंपाकघर वेगळं, त्याचं नाव पीएचपी-एफपीएम.

दहा हजार कनेक्शनं. आमचे वादक तीनशेच्या आत. हे मला टपरीवर सुचायला हवं होतं.

एक न्यायाची गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. अपाचेतही ‘इव्हेंट’ नावाची मांडणी आहे. तीत पीएचपी बाहेर काढून एफपीएममध्ये बसवलं की अपाचेही वाढपी वाचवायला शिकतं. आम्ही जी वापरत होतो ती वर्षानुवर्षांपूर्वीची व्यवस्था होती. अपाचे जुनं म्हणून साइट पडली, हे माझं टपरीवरचं भाषण निखालस चूक होतं. तेवढा बदल केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१५ आणि १६ जूनच्या शनिवार-रविवारी मी साइट नव्या सर्व्हरवर एंजिनएक्सखाली हलवली. पहिली अडचण ठरलेलीच: मुखपृष्ठ उघडतं, बाकी सगळ्या पानांवर ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’. दादाने पत्ते सुटसुटीत दिसावेत म्हणून जे नियम लिहिले होते ते डॉट एचटीॲक्सेस नावाच्या फाइलीत होते. ही फाइल कुठल्याही फोल्डरात टाकता येते, आणि अपाचे ती दर विनंतीला वाचून तिच्याप्रमाणे वागतं. एंजिनएक्स ती वाचतच नाही. हा दोष नव्हे, तसं ते ठरवूनच बनवलंय. प्रत्येक वेळी फोल्डरामागून फोल्डर धुंडाळायला वेळ जातो. मी ते नियम एंजिनएक्सच्या भाषेत पुन्हा लिहिले, पानं उघडायला लागली, ग्रुपवर अंगठा टाकला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात डबा उघडला आणि मनात काय आलं कोण जाणे, मोबाइलवर नवी खासगी खिडकी उघडून संमतीपत्रांच्या फोल्डरचा थेट पत्ता टाकला. लॉगिन नाही, काही नाही. एका मुलीच्या वडिलांची सही माझ्यासमोर उघडली.

त्या फोल्डरात दादाने आणखी एक डॉट एचटीॲक्सेस ठेवली होती. दोनच ओळींची. ‘इथे कोणालाही येऊ देऊ नये.’ अपाचे ती इमानाने पाळत होतं. एंजिनएक्सला ती दिसतही नव्हती. टेस्टिंगवर पोट भरणाऱ्या माणसाने काय तपासलं होतं? जे दिसायला हवं ते दिसतंय का. जे दिसायला नको ते दिसत नाही ना, हे तपासायला चार दिवस लागले. डबा तसाच ठेवला, पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि ते फोल्डर साइटच्या बाहेर, जिथे वेबसर्व्हरचा हातच पोचत नाही अशा जागी हलवलं. ते तिथेच असायला हवं होतं, पहिल्या दिवसापासून. मग चार दिवसांचा लॉग ओळ न् ओळ वाचला. त्या फोल्डरकडे गेलेला पत्ता एकच होता, माझा. संध्याकाळी ताईला आणि पथकप्रमुखांना हे सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंस,’ आणि पुढचे पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

त्याच आठवड्यात फोटोंचा घोळ. काहींचे फोटो चढायचे, काहींचे नाही, आणि त्यात कसलंच सूत्र दिसेना. एका मुलाने लिहिलं, ‘दादा, आईने पाठवलेला फोटो जातो, मी स्वतः काढलेला जात नाही.’ हसलो आधी. पण सूत्र तिथेच होतं. आईने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणजे दाबून दीड-दोनशे केबीचा झालेला. स्वतः काढलेला चार एमबीचा. एंजिनएक्स तुम्ही सांगितल्याशिवाय एक एमबीपेक्षा मोठं काहीच आत घेत नाही. ती मर्यादा वाढवली, तरी जाईना, कारण आत पीएचपीची स्वतःची मर्यादा दोन एमबीची. फाटकावरच्या रखवालदाराने सोडलं तर वऱ्हांड्यातला अडवतो. दोन्हीकडे दहा केले तेव्हा कुठे पोरांचे चेहरे यादीत दिसायला लागले.

त्यानंतर दोन महिने साइट गुळगुळीत चालली. जुलै-ऑगस्टमध्ये रोजचा सराव, हजेरी, टिपऱ्यांचे हिशोब, कोणाला सर्व्हरची आठवणही नाही. मी ऑफिसात एंजिनएक्स एंजिनएक्स करत थोडा भाव खाऊन घेतला.

१४ सप्टेंबर, शनिवार. गणपती बसून आठवा दिवस, अनंत चतुर्दशी तीन दिवसांवर. आम्ही दहा-बारा जण ढोल ताणायला बसलो होतो. दोर ओढून ओढून हाताला फोड आलेले, फोन पिशवीत. दीड तासाने बघतो तर त्या ताशेवाल्या पोराचे एकवीस मिस्ड कॉल. साइट उघडली की ब्राउझर लाल पान दाखवत होता, हे कनेक्शन सुरक्षित नाही. विसर्जनाच्या दिवशी कोणी किती वाजता कुठे जमायचं, ड्रेस काय, पाण्याची गाडी कुठे, हे सगळं त्याच साइटवर.

कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. एचटीटीपीएससाठी, म्हणजे सुरक्षित कनेक्शनसाठी, लागणारं प्रमाणपत्र आम्ही लेट्स एन्क्रिप्टचं, फुकटचं वापरतो. ते नव्वद दिवस चालतं. १६ जूनपासून नव्वद मोजा: १४ सप्टेंबर. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते मुदतीआधी तीस दिवस आपोआप नवं करून ठेवतो, आणि त्याने ठेवलंही होतं. ऑगस्टच्या मध्यालाच नवं प्रमाणपत्र डिस्कवर येऊन पडलं होतं. एंजिनएक्स मात्र सुरू होताना एकदा वाचलेलं जुनंच सगळ्यांना दाखवत राहिलं. ‘प्रमाणपत्र बदललंय, परत वाच’ हे त्याला सांगणारी ओळ सर्टबॉटच्या मांडणीत टाकायची असते. मी टाकली नव्हती. नवा दागिना तिजोरीत, आणि बाई जुनाच घालून लग्नाला उभी.

दुरुस्ती एका आज्ञेची, पाच सेकंदांची. मला बोचलं ते वेगळंच. त्या पोराकडे पासवर्ड होता. जूनमध्येच दिला होता मी. त्याने लॉगिनही केलं होतं. ‘फाइल उघडली दादा, पण काही कळेना, म्हणून बंद केली.’ मी ती एंजिनएक्सच्या मांडणीची फाइल पुन्हा पाहिली. ११४ ओळी. त्यातल्या निम्म्या मी कुठून कुठून उचललेल्या, काही ओळी का आहेत हे मलाही सांगता आलं नसतं. सर्व्हर किती कनेक्शनं झेलतो याची मी टपरीवर जाहिरात केली होती. मी ढोल ताणत बसलेला असताना तो दुसऱ्या कोणाच्या हाताला दाद देतो का, हे विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर पथकाला काम नसतं. तेव्हा कॅडी हे तिसरं वेबसर्व्हर लावून पाहिलं. मॅट होल्ट या अमेरिकन तरुणाने २०१५मध्ये बाहेर काढलेलं, गो भाषेत लिहिलेलं. त्याचा मोठा गुण म्हणजे प्रमाणपत्र मागणं, नवं करणं, लगेच वापरात आणणं, सगळं ते स्वतःच करतं. सर्टबॉट नाही, आठवण करून देणं नाही. फाइलीत साइटचं नाव लिहायचं, फोल्डर सांगायचं, पीएचपी कुठे बसलंय ते सांगायचं, झालं.

तसं लगेच काही झालं नाही, ५०२ आला, म्हणजे मागच्या स्वयंपाकघराशी संपर्क नाही. उबुंटूवर पीएचपी-एफपीएम ज्या सॉकेटवर (त्याचं आत यायचं दार) ऐकत बसतं ते एका वापरकर्त्याच्या मालकीचं आणि कॅडी चालतं दुसऱ्याच्या नावाने, त्यामुळे दाराशी जाऊनही आत प्रवेश नाही. कॅडीला त्या गटात घातलं तेव्हा दार उघडलं. एक तक्रार मात्र आजही आहे, लॉगची. कोण आलं-गेलं याचा लॉग कॅडी सांगितल्याशिवाय ठेवतच नाही, आणि ठेवला तर जेसन नावाच्या, मशीनला सोयीच्या लिखाणात, कंसांच्या जंजाळात. जूनमध्ये तो फोल्डर उघडा सापडला तेव्हा मी डोळ्यांनी ओळ न् ओळ वाचू शकलो होतो. इथे ते जमलं नसतं. शिवाय अपाचेबद्दल काहीही अडलं तरी आधी कोणीतरी तिथेच अडकून उत्तर लिहून ठेवलेलं असतं. कॅडीचं तसं नाही, बऱ्याचदा त्याच्या मूळ कागदपत्रांतच डोकं घालावं लागतं. वेगाचं म्हणाल तर तीनशे माणसांत फरक मोजायचा मी प्रयत्नच केला नाही.

फाइल एकोणीस ओळींची झाली. त्यातल्या सहा मराठीत, कशाखाली काय आहे ते सांगणाऱ्या. ‘जुने पत्ते नव्या पानांकडे इथून वळतात.’ ‘फोटोची मर्यादा इथे नाही, पीएचपीत आहे.’ पोराला शेजारी बसवून एकदा मुद्दाम मोडली, त्याच्याकडून दुरुस्त करवली. त्याने परत मोडली, यावेळी चुकून. तीही त्यानेच दुरुस्त केली.

२०२५मध्ये गणपती २७ ऑगस्टला, म्हणून नोंदणी २५ मे या रविवारी ठेवली, रात्री आठला. मी तेव्हा सिंधुदुर्गात गावी. त्या वर्षी पाऊस मेमध्येच कोसळायला लागला होता, दुपारीच वीज गेली, पाठोपाठ रेंज. आठ वाजता मी मागच्या पडवीत मेणबत्तीजवळ बसून नुसता घड्याळाकडे बघत होतो. मंगळवारी कणकवलीत बाजाराला गेलो तेव्हा फोनमध्ये जीव आला. मेसेज ढिगाने होते, पण सर्व्हरबद्दल एकही नाही. ताईचा एक होता: दोनशे बारा अर्ज आले, यंदा ताशाला मुली जास्त आहेत.

पुण्याला परतल्यावर फाइल उघडून पाहिली. एकोणीसच्या वीस ओळी झाल्या होत्या. इन्स्टाग्रामवर कोणीतरी नोंदणीचा पत्ता चुकीचा छापला होता, तो बरोबर पानाकडे वळवून दिलेला. त्याच ओळीच्या शेवटी मराठीत लिहिलेलं: ‘हे मी २५ मेला रात्री ७:५२ला टाकलं. दादाला फोन लागत नव्हता. चालतंय.’